शिडापासून पर्ससीनपर्यंत: कोकण किनाऱ्याची मासेमारी

महाराष्ट्राचा किनारा साधारण ७२० किलोमीटर लांब आहे, पण माशांच्या हिशेबाने तो एक नाही. पालघर, मुंबई, रायगडच्या बाजूला समुद्राचा तळ फार हळूहळू उतरत जातो. मुंबईसमोरचा उथळ, गाळाचा पट्टा तीनशे किलोमीटरांच्या आसपास रुंद आहे. खाड्यांमधून येणारा गाळ आणि जोरकस भरती-ओहोटी यांमुळे हा भाग बोंबील, जवळा, कोळंबी आणि पापलेट यांचा. दक्षिणेला रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि पुढे गोव्याकडे पाणी लवकर खोल होते, गढूळपणा कमी होतो आणि बांगडा, तारली, पेडवे यांचे थवे किनाऱ्याजवळ येतात. जाळीही त्यामुळे वेगळी पडली. उत्तरेला डोल, दक्षिणेला रापण.

डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेले, तोंडाशी प्रशस्त आणि शेपटीकडे निमुळते होत जाणारे पिशवीसारखे जाळे. त्याला होडी ओढत नाही. भरती-ओहोटीचा ओढाच मासळी जाळ्यात आणून घालतो, आणि पाणी उलटण्याच्या सुमारास होडीचा प्रमुख, तांडेल, शेपटीकडची गाठ सोडून जाळे रिकामे करतो. हे सगळे पाण्याच्या जोरावर चालत असल्यामुळे डोलकराचा महिना चंद्रावर बेतलेला असे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात काम, अष्टमीच्या आसपास भांग लागला की ओढा मंदावतो आणि जाळी किनाऱ्यावर येतात. जाळी तेव्हा ताग किंवा सुताची असत. खाऱ्या पाण्यात ती लवकर कुजत, म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात उकळून, वाळवून, फाटलेले भाग विणून पुन्हा तयार करावी लागत. भांगाचे दिवस त्यातच जात. बोंबील वाळवणाच्या वलांडीवर सुकत, जवळा अंगणात पसरला जाई, आणि पावसाळ्याची बेगमी होई.

रापणीचा व्यवहार निराळा. थवा किनाऱ्याजवळ आल्याची खूण पाण्याच्या रंगावरून आणि पक्ष्यांवरून ओळखली जाई. जाळ्याचे एक टोक वाळूवर ठेवून होडी थव्याला वळसा घालून दुसरे टोक किनाऱ्याला आणी, आणि मग दोन्ही दोर गावातली माणसे ओढत. वाट्यांचा हिशेब ठरलेला होता. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि दोर ओढायला हात लावणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही. रापण चालवायला भांडवलापेक्षा माणसे जास्त लागत. थवा किनाऱ्याला आलाच नाही तर त्यामागे जाण्याची सोय मात्र तिच्यात नव्हती.

पावसाळ्यात सगळेच थांबे. मृगाच्या सुमारास होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या जात आणि श्रावणात नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडल्यावर नवा हंगाम सुरू होई. आज ही प्रथा पूर्वजांच्या पर्यावरणभानाचा पुरावा म्हणून सांगितली जाते. ते फार तर अर्धे खरे आहे. होड्या बंद राहत त्या मुख्यतः नैऋत्य मोसमी वाऱ्यात शिडाची होडी समुद्रात टिकत नसे म्हणून. अनेक जातींचा विणीचा काळ पावसाळ्याच्या आगेमागे येतो, त्यामुळे या बंदीचा लाभ माशांना मिळाला, पण नियम केला तो वाऱ्याने. शीड, सुताचा धागा, भांग आणि बर्फाचा अभाव या चार गोष्टींनी मासेमारीला घातलेली मर्यादा कोणत्याही कायद्यापेक्षा कडक होती. पुढच्या शंभर वर्षांत या चारही मर्यादा एकामागून एक उठल्या. त्यांची जागा कशाने घ्यायची, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

ब्रिटिश राजवटीत मासेमारीकडे पाहण्याची दृष्टी एकच होती: समुद्रात मासळी अमाप आहे आणि कोळ्यांकडे ती काढण्याची साधने नाहीत. ही समजूत मुंबईपुरती नव्हती. १८८३ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शनात थॉमस हक्सली यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञाने समुद्रातल्या मोठ्या मासेमाऱ्या कधी आटणार नाहीत, असे मत मांडले होते. त्यांच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण कॉड माशाचे होते. पुढे याच कॉडची न्यूफाउंडलंडजवळची मासेमारी १९९२ मध्ये कॅनडाला बंद करावी लागली आणि हजारो लोकांचे काम एका हुकमाने गेले. मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ नावाचे वाफेचे ट्रॉलर आणून समुद्राचा तळ चाचपून पाहिला. मासे मिळाले, पण खर्चाचा मेळ बसला नाही. एच. टी. सॉर्ली यांचा मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीवरचा अहवाल १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र उघडले, त्याचेच पुढे भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेत रूपांतर झाले. १८७५ मध्ये कापसाच्या व्यापारासाठी बांधलेली ससून गोदी एव्हाना मासळीच्या लिलावाची जागा बनत चालली होती.

स्वातंत्र्यानंतर अन्नधान्याची टंचाई होती आणि परकीय चलन हवे होते. या दोन्ही गरजांचे उत्तर समुद्रात दिसले, आणि त्या काळाच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हते. १९५० च्या दशकापासून होड्यांना इंजिने बसू लागली. सहकारी संस्थांमार्फत कर्ज, अनुदान आणि डिझेलवरच्या कराचा परतावा मिळू लागला. सातपाटी, वेसावे, उत्तन, अर्नाळा, करंजा इथल्या संस्थांनी बर्फाचे कारखाने काढले, इंधनाचे पंप चालवले, दलालाच्या हातून व्यवहार काढून घेतला. याच सुमारास नायलॉन आले. नायलॉन कुजत नाही, त्याला काढा लागत नाही, ते वाळवावे लागत नाही आणि पाण्यात ते माशाला सुताच्या दोऱ्याइतके दिसत नाही. कोळणींच्या आणि नाखवांच्या (बोटमालकांच्या) घरातले जाळी उकळण्याचे काम संपले. त्याबरोबर जाळी किनाऱ्यावर ठेवण्याचे कारणही संपले.

इंजिनाने पोहोच वाढवली, पण खरा पालट घडवला ट्रॉलने. हे जाळे समुद्राच्या तळावरून फरफटत नेले जाते. तोंड उघडे राहावे म्हणून दोन्ही बाजूंना जड फळ्या असतात, त्या तळ खरवडत जातात. उद्देश कोळंबीचा, कारण साठच्या दशकापासून गोठवलेली कोळंबी अमेरिका आणि जपानला जाऊ लागली होती आणि तिचा भाव दुसऱ्या कोणत्याही मासळीला नव्हता. कोळंबी लहान, म्हणून जाळ्याच्या शेपटीचा आस, म्हणजे विणीतले छिद्र, बारीक. बारीक आसात मग कोळंबीबरोबर धोमा, वाकटी, मांदेली, खेकडे आणि कितीतरी जातींची पिल्ले येतात. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर ट्रॉलर रिकामा होताना कोळंबी आणि माकूल निवडून टोपल्यांत जातात, आणि बोटभर लांबीच्या मासळीचा ढीग बाजूला पडतो. तो खत आणि कोंबडीखाद्य करणाऱ्या कारखान्यांकडे किलोमागे क्षुल्लक भावाने जातो. त्या ढिगातल्या पिल्लांना वर्षभर पाण्यात राहू दिले असते तर त्यांचे वजन आणि भाव कित्येक पटींनी वाढले असते. अतिमासेमारीचे नुकसान समजून घ्यायला एवढा एक ढीग पुरतो.

पहिला संघर्ष गोव्यात पेटला. तिथे सरकारी मदतीने आलेले ट्रॉलर किनाऱ्याला लागूनच जाळी ओढू लागले आणि रापणीपर्यंत थवे पोहोचेनासे झाले. सत्तरच्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली ‘गोंयच्या रापणकारांचो एकवोट’ उभा राहिला. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, समुद्रात हाणामाऱ्याही झाल्या. १९७८ मध्ये देशभरच्या पारंपरिक मच्छीमारांचा मंच स्थापन झाला, त्याच्या मुळाशी गोव्याचाच प्रश्न होता. केंद्राने राज्यांना नमुना विधेयक पाठवले. गोव्याचा कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. महाराष्ट्राच्या कायद्याखाली यांत्रिक ट्रॉलिंगला किनाऱ्याजवळच्या पाच ते दहा वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोलीच्या पट्ट्यात बंदी झाली. हेतू मासे वाचवण्यापेक्षा माणसांमधली भांडणे मिटवण्याचा होता, हे त्याच्या रचनेवरूनच कळते. बोटी किती असाव्यात आणि मासळी किती धरावी, यावर त्यात प्रत्यक्ष मर्यादा नव्हती. पाळत ठेवायला गस्ती नौका तुटपुंज्या आणि समुद्रावर वाव मोजणार कोण, अशी अवस्था.

भांडणे मिटली नाहीत, कारण पाठोपाठ पर्ससीन आले. कर्नाटकात ते सत्तरच्या दशकात स्थिरावले, तिथून गोवा आणि रत्नागिरीकडे सरकले. थव्याभोवती पाण्यात भिंतीसारखे जाळे सोडायचे आणि बटव्याची नाडी ओढावी तशी खालची दोरी कड्यांतून ओढून तळ बंद करायचा. पूर्ण थवा एका फेरीत आत. बांगडा आणि तारली यांच्यावर त्याचा भर, पण सर्वांत बोलका धडा शिंगाळ्याने दिला. शिंगाळ्याच्या अनेक जातींत मादीने घातलेली गोटीएवढी अंडी नर तोंडात धरतो आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत काही खात नाही. असे अंडी सांभाळणारे नर थव्याने फिरतात. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर १९८० च्या सुमारास पर्ससीनच्या जाळ्यांत हे थवे अंड्यांसकट सापडले आणि ती अंडी बोटींच्या फळ्यांवर सांडली. एकेका वेळी थोडीच अंडी देणाऱ्या या माशाला तो फटका भरून काढता आला नाही, आणि काही वर्षांत तिथली शिंगाळ्याची मासेमारी बसली. बांगडा लाखोंनी अंडी देतो, म्हणून तो सावरतो. मुशी, पाकट, शिंगाळा यांना ती सवलत नाही, आणि जाळे हा फरक करत नाही.

महाराष्ट्रात घट अशी एका रात्रीत झाली नाही, म्हणूनच ती नाकारणे सोपे गेले. घोळ, दाढा, वाम, मोठ्या मुशी ही मोठी, उशिरा वयात येणारी मासळी आधी विरळ झाली. एकूण टनांचा आकडा मात्र बराच काळ टिकला, कारण जवळा, मांदेली, माकूल, राणीमासा यांनी ती जागा भरली आणि बोटी दूर जाऊ लागल्या. आकडा तोच, पण त्यासाठी जाळायचे डिझेल वाढले आणि हाती येणाऱ्या मासळीचा आकार घटला. पापलेटाची नोंद अधिक स्पष्ट आहे. साठ-सत्तरच्या दशकांत राज्यात वर्षाला सरासरी आठ हजार टनांच्या वर पापलेट उतरत असे. २०१० नंतर ते साधारण चार हजारांवर आले. सातपाटीसारख्या गावाची सगळी घडीच पापलेटावर बसलेली होती. मोठ्या आसाच्या दालदी जाळ्यांतून पिल्लू निसटते, तेच पिल्लू शेजारच्या पाण्यात डोलीत नाहीतर ट्रॉलमध्ये अडकते. एका गावाने संयम पाळून भागत नाही, कारण पापलेट गावाची हद्द ओळखत नाही. या घटीचा पहिला तोटा टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या कोळणीला होतो. मोठ्या बोटीचा माल निर्यातदाराकडे जातो, तिच्या टोपलीसाठी उरतो तो महाग आणि लहान. गिऱ्हाइकाच्या ताटातही परराज्यातली मासळी नाहीतर तलावातली कटला येते.

पर्ससीनच्या प्रश्नावर नेमलेल्या डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीने पर्ससीन परवाने ४९४ वरून टप्प्याटप्प्याने १८२ वर आणण्याची शिफारस केली. तिच्या आधारावर ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश निघाला आणि पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम उरला. तोवर पावसाळी बंदी पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची ठरली होती. वाऱ्याचा नियम आता राजपत्रात आला, आणि नारळी पौर्णिमेची वाट न पाहता बोटी ऑगस्टच्या पहिल्या दिवशी सुटू लागल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून पकडण्यावर बंदी घातली. तरीही मालवणच्या समोर रात्री दिवे दिसतच राहिले, आणि पारंपरिक मच्छीमारांनी अशा बोटी स्वतः अडवण्याचे प्रकार घडले. २०१९ मध्ये राज्याची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींत ४५ वर्षांतला हा नीचांक. त्या वर्षी एकामागून एक चक्रीवादळे आली, त्यामुळे कामाचे दिवस बुडाले हे खरे. पण साठा भरलेला असता तर वादळांचा फटका इतका खोल गेला नसता. २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून दंडाची रक्कम लाखांत नेण्यात आली.

२०२३ मध्ये दोन निर्णय झाले. पापलेटाला राज्यमासा घोषित करण्यात आले. आणि केरळच्या पाठोपाठ महाराष्ट्राने ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. आधीचे बहुतेक नियम बोट, जाळे किंवा पाण्याचा पट्टा यांच्याविषयी होते आणि त्यांची तपासणी समुद्रावर करावी लागे. हा नियम माशाच्या लांबीविषयी आहे, तो धक्क्यावर, लिलावात, अगदी बाजारातल्या फळीवरही पट्टी लावून तपासता येतो. त्यामुळे अंमलबजावणी सोपी होते, आणि जबाबदारी नाखवापुरती न राहता व्यापारी आणि गिऱ्हाईक यांच्यापर्यंत पोहोचते. अडचण आहे ती डोलीची. ओढ्याने जे आणले ते तिच्यात येते, आणि जाळे वर घेईपर्यंत बारीक मासळी मेलेली असते. डोलीवर आकाराचा नियम लागू करायचा तर आस मोठा करावा लागतो, आणि आस मोठा केला की जवळा निसटतो. लहान डोलकराचे घर त्याच जवळ्यावर चालते.