खपलीची खीर आणि डच डॉक्टर

आमच्या मुरगूडला पोर अशक्त दिसलं की आज्जीचं औषध ठरलेलं, खपलीची खीर. खपली गहू पचायला हलका, अंगी लागतो, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. त्यामुळे धाकट्या भावाची मुलगी दोन वर्षांची असताना वाळायला लागली, तेव्हा सगळ्यांनी प्रेमाने तिला तेच भरवलं. हातपाय काड्या, पोट नगाऱ्यासारखं, दिवसातून चार-पाच वेळा पातळ शी आणि सतत किरकिर. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, रक्तवाढीचं टॉनिक झालं. शेवटी कोल्हापूरच्या एका बालरोगतज्ज्ञांनी रक्ताची टीटीजी तपासणी आणि मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढायला सांगितलं. (तोवर गहू बंद करू नका, नाहीतर निदान चुकेल, असंही बजावलं. हे लक्षात ठेवा मंडळी.) निदान झालं, सिलिअॅक. गव्हातल्या ग्लुटेनमुळे तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करत होतं.

आणि खपली म्हणजे गहूच की!

आज्जीला पटेना. "गव्हानं कुणाचं वाईट झालंय व्हय रं?" मला तेव्हा तिचा राग आला होता. मग या रोगाचा इतिहास वाचत बसलो, तर मोठमोठे डॉक्टर आज्जीच्याच पंगतीला बसलेले!

लंडनच्या सॅम्युअल जी यांनी १८८८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन लिहिलं. बरं व्हायचं तर आहारानेच, हेही त्यांनी ओळखलं. पण पथ्य काय सांगितलं? भात वर्ज्य, आणि पातळ कापून खरपूस भाजलेला पाव चालेल! एका पोराला रोज भरपूर डच शिंपल्या खायला घातल्या, ते छान बाळसं धरू लागलं. पुढच्या हंगामात मात्र त्याने शिंपल्यांना तोंड लावलं नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचं पथ्य काढलं. मुलं सुधारली, नाव झालं केळ्याचं. खरं तर त्या पथ्यात पाव बंद होता.

गव्हावर बोट ठेवलं ते हॉलंडच्या विलेम कारेल डिके या बालरोगतज्ज्ञांनी. संशय त्यांना महायुद्धाच्या आधीपासूनच होता. मग १९४४-४५ चा उपासमारीचा हिवाळा आला. पाव मिळेना, लोक ट्युलिपचे कंद उकडून खाऊ लागले. सारा देश खंगत असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांनी सहकाऱ्यांसह पथ्य बदलून बदलून, शीमधली चरबी मोजून हे पक्कं केलं आणि १९५० मध्ये उट्रेख्टला प्रबंध मांडला.

हे सगळं मी आज्जीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे मीच घालत होतो की रं तिला." यावर मला काही बोलता आलं नाही.

तिथून पुढचं राज्य मात्र तिचंच. वेदगंगेकाठच्या गावात भाताला काय तोटा? जोंधळ्याची भाकरी, नाचणीची आंबील, वरी, राजगिरा, सगळं चालतं. अडचण भलतीकडेच निघाली. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळलेला असतो, त्याचं पीठ आपल्या जोंधळ्यात उतरतं. म्हणून घरघंटी घेतली. डबीतल्या हिंगातसुद्धा बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, हे कळल्यावर वहिनीने कपाळावर हात मारला. सत्यनारायणाचा शिरा, लग्नातल्या चपात्या, शेजारणीने मायेने हातात दिलेलं बिस्कीट... प्रत्येक ठिकाणी कुणाला तरी दुखवावं लागतं. "एवढ्याशानं काय हुतंय?" हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं असेल!

दोन-तीन महिन्यांत पोट उतरलं, गालावर रंग आला. पथ्य मात्र जन्मभराचं. पोरगी आता शाळेत जाते. परवा पाहुण्यांकडे ताटात पुरणपोळी आली, तेव्हा ती काही म्हणायच्या आत आज्जीनेच ताट सरकवलं आणि पिशवीतला डबा काढला. तांदळाच्या पिठाची पोळी होती. जरा फाटली होती.