बेरीच्या रसाने काळे केलेले हात

१९४४ सालची दहा मिनिटांची एक फिल्म आहे, ‘जॅमिन द ब्लूज’. वॉर्नर ब्रदर्सची. मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायच्या ज्या छोट्या फिल्म असायच्या, त्यातली एक. परवा रात्री अंकाची पानं सोडून घरी आलो आणि ती पुन्हा एकदा पाहिली. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवातीला काळ्या पडद्यावर दोन गोल कडी दिसतात. हे काय आहे, कळत नाही. मग ती कडी हळूच वर उचलली जातात आणि लक्षात येतं की आपण एका माणसाच्या टोपीकडे वरून बघत होतो. टोपीखाली लेस्टर यंग. सॅक्सोफोनच्या दुनियेतला फार मोठा माणूस. बोटांत सिगारेट, डोळे अर्धे मिटलेले, कुणाला काही दाखवायची घाई नाही. पुढे ट्रम्पेटवर हॅरी एडिसन, ड्रम्सवर जो जोन्स आणि सिड कॅटलेट, दुसऱ्या सॅक्सोफोनवर इलिनॉय जॅके. गायला मेरी ब्रायंट. सगळे कृष्णवर्णीय.

आणि एक गिटारवाला. त्याचा चेहरा मात्र नीट दिसत नाही. तो कायम सावलीत. प्रकाश येतो तो पाठीमागून, नाहीतर बाजूने. मध्येच त्याच्या हातांचा क्लोजअप येतो, तारांवर फिरणारी बोटं दिसतात, पण तो कोण, कसा दिसतो, याचा पत्ता लागत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, वा, काय प्रकाशयोजना आहे!

प्रकाशयोजना सुंदर आहेच. दिग्दर्शक जॉन मिली हा ‘लाइफ’ मासिकाचा नावाजलेला फोटोग्राफर. कॅमेऱ्यामागे रॉबर्ट बर्क्स, जो पुढे हिचकॉकचा कॅमेरामन झाला. पण गिटारवाला सावलीत होता तो कलेसाठी नव्हे. तो गोरा होता म्हणून.

त्याचं नाव बार्नी केसेल. वय तेव्हा वीस. गोरे आणि काळे एकाच चौकटीत शेजारी शेजारी बसून वाजवताहेत, हे दृश्य अमेरिकेच्या दक्षिणेतल्या थिएटरांत चालणार नाही, अशी स्टुडिओला धास्ती होती. फिल्ममागचा खरा माणूस होता नॉर्मन ग्रँझ, जॅझच्या मैफली भरवणारा पंचविशीतला तरुण. केसेलला काढायला तो तयार होईना. शेवटी तडजोड निघाली. केसेलला अंधारात बसवायचं आणि हातांचा क्लोजअप घ्यायचा तर ते हात आधी बेरीच्या रसाने रंगवून काळे करायचे.

जरा थांबून विचार करा. संगीत कानांनी ऐकायचं. कुणाच्या कानाला त्याचा त्रास नव्हता. त्रास होता तो डोळ्याला. म्हणून हातांना रंग लावला!

आज हा वेडेपणा वाटतो, पण स्टुडिओवाले वेडे नव्हते. ते धंदा बघत होते. मेम्फिस शहरात लॉइड बिनफोर्ड नावाचे एक गृहस्थ सेन्सॉर मंडळाचे प्रमुख होते. लीना हॉर्नसारख्या कृष्णवर्णीय गायिकेची दृश्यं ते कापून टाकत. त्यामुळे एमजीएमसारख्या बड्या कंपनीने आधीच सोय करून ठेवलेली. लीना हॉर्नचं गाणं सिनेमात असं घालायचं की ते उचकटून काढलं तरी कथेला धक्का लागू नये. म्हणजे कात्री मेम्फिसला, पण तिच्या मापाने कापड बेतलं जायचं हॉलिवूडला. खरी सेन्सॉरशिप अशीच चालते. सेन्सॉरवाल्याला फारसं काही करावंच लागत नाही, लोक घाबरून त्याचं काम आधीच उरकून ठेवतात.

आता केसेलबद्दल थोडं. जन्म १९२३ चा, ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावचा. ज्यू कुटुंब, वडिलांचं चपलाबुटांचं दुकान. पोराने पेपर विकून पैसे जमवले आणि गिटार घेतली. ओक्लाहोमा राज्य १९०७ साली झालं आणि त्याच्या विधिमंडळाने पहिलाच कायदा कोणता केला? रेल्वेच्या डब्यांत गोऱ्यांची आणि काळ्यांची बसायची जागा वेगळी करण्याचा. अशा राज्यात हा पोरगा चौदाव्या वर्षी गावातल्या कृष्णवर्णीयांच्या बँडमध्ये वाजवायला लागला. त्या बँडमध्ये गोरा तो एकटाच.

त्याचा देव होता चार्ली ख्रिश्चन. ओक्लाहोमा सिटीत वाढलेला. इलेक्ट्रिक गिटारला जॅझमध्ये स्वतःचा आवाज दिला तो याने. १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये गेला, देशभर नाव झालं आणि १९४२ मध्ये क्षयाने वारला. वय पंचवीस. त्याआधी एकदा तो गावाकडे आलेला असताना कोवळ्या केसेलला त्याच्यासोबत वाजवायला मिळालं होतं. चार्ली ख्रिश्चनच्या ध्वनिमुद्रिका आहेत, फोटो आहेत, पण तो वाजवतोय अशी चालती फिल्म आजवर कुठे सापडलेली नाही. बोटं कशी फिरत होती, हे बघायची सोय नाही. शिष्याचे हात पडद्यावर आले, तेही रंगवून. गुरूचे आलेच नाहीत.

इथे एक गफलत टाळायला हवी. ही गोष्ट ऐकून काही जण म्हणतील, बघा, गोऱ्यावरही अन्याय झाला. तसं नाहीये. केसेलवर सावली पडली ती दहा मिनिटांची. फिल्मचं काम संपलं, हात धुतले, विषय संपला. त्याला कुठल्याही हॉटेलात खोली मिळत होती.

लेस्टर यंगचं बघा. त्या वर्षीच्या डिसेंबरात फिल्म थिएटरांत लागली, तेव्हा तो आणि जो जोन्स दोघेही लष्करात होते. सक्तीची भरती. लष्करातही काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या. ती पद्धत मोडण्याचा हुकूम निघायला १९४८ उजाडलं. लेस्टर मुळात हळवा माणूस. त्याच्याकडे गांजा आणि गुंगीच्या गोळ्या सापडल्या, १९४५ च्या फेब्रुवारीत कोर्ट मार्शल झालं आणि जॉर्जियातल्या लष्करी कोठडीत जावं लागलं. पडद्यावर ज्याच्या टोपीचं कौतुक चाललं होतं, तो माणूस कैदी होता.

फिल्मला ऑस्करचं नामांकन मिळालं. पारितोषिक मात्र ‘हूज हू इन ॲनिमल लँड’ नावाच्या, प्राण्यांवरच्या गमतीशीर फिल्मला गेलं. यावर मी काही बोलत नाही.

सिनेमानंतर टीव्ही आला. टीव्हीवर ‘व्हरायटी शो’ नावाचा प्रकार जोरात होता. गाणी, विनोद, नाच, पाहुणे, सगळं एका तासात. नॅट किंग कोलचं नाव बऱ्याच जणांना माहीत असेल. मखमली आवाजाचा गायक. मूळचा पियानोवाला. त्याच्या त्रिकुटात ड्रम्स नसायचे. पियानो, गिटार आणि डबल बास, बस्स. गिटारवर आधी ऑस्कर मूर, मग आयर्विंग ॲशबी आणि १९५१ पासून कोलच्या मृत्यूपर्यंत जॉन कॉलिन्स.

१९५६ च्या ५ नोव्हेंबरला एनबीसीवर कोलचा स्वतःचा शो सुरू झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात भर कार्यक्रमात काही गोऱ्या वंशवाद्यांनी स्टेजवर चढून त्याच्यावर हल्ला केला होता. तरी तो टीव्हीवर आला. आधी पंधरा मिनिटं, मग अर्धा तास. एला फिट्झजेराल्ड, हॅरी बेलाफॉन्टे, पेगी ली अशी मंडळी नाममात्र मानधनावर पाहुणी म्हणून आली. शो चांगला होता.

फक्त एक गोष्ट मिळाली नाही. संपूर्ण देशासाठी कायमचा जाहिरातदार. दक्षिणेतले गिऱ्हाईक आपल्या मालावर बहिष्कार टाकतील, अशी भीती मोठ्या कंपन्यांना होती. कुणी शोवर बंदी घातली नाही, मोर्चा काढला नाही, नोटीसही आली नाही. नुसती जाहिरात आली नाही. एनबीसीने वर्षभर खर्च सोसला, मग १७ डिसेंबर १९५७ ला शेवटचा भाग झाला. कोलने स्वतःच थांबायचं ठरवलं आणि जाहिरात कंपन्यांना अंधाराची भीती वाटते, अशा अर्थाचं बोलून मोकळा झाला.

गंमत म्हणजे त्याच्या नऊच दिवस आधी, ८ डिसेंबरला, सीबीएसवर ‘द साउंड ऑफ जॅझ’ नावाचा तासाभराचा थेट कार्यक्रम झाला. यात विनोद नाही, नाच नाही, सजवलेला सेट नाही. उघडाबोडका स्टुडिओ, इकडेतिकडे हलणारे कॅमेरे आणि टोप्या घालून बसलेले वादक. एकाच तासात तीन गिटारवाले. काउंट बेसीच्या मंडळींसोबत फ्रेडी ग्रीन, न्यू ऑर्लिन्सचा डॅनी बार्कर आणि तरुण जिम हॉल. पहिले दोघे काळे, तिसरा गोरा. कुणाच्या हाताला रस लावलेला नव्हता.

त्या तासात बिली हॉलिडे गायला बसली आणि तिच्याभोवतीच्या वादकांत लेस्टर यंग होता. आजारी, थकलेला. उठला आणि अगदी थोडंसं वाजवलं. बिली त्याच्याकडे बघत मान डोलावत राहिली. तो चेहरा ज्याने पाहिला, तो विसरत नाही. पुढे दीडेक वर्षात दोघेही गेले, १९५९ मध्ये, चार महिन्यांच्या अंतराने.

म्हणजे तेरा वर्षांत टीव्ही सुधारला का? एकीकडे हो, एकीकडे नाही. काळ्या कलाकाराला पाहुणा म्हणून बोलवायला हरकत नव्हती. अडचण होती ती त्याला घराचा मालक म्हणून दाखवण्याची. हा फरक नीट लक्षात ठेवा, आपल्याकडेही उपयोगी पडतो.

केसेलचं पुढे काय झालं? तो मोठा झाला. ऑस्कर पीटरसनच्या त्रिकुटात वाजवलं. १९५९ मध्ये ‘जॉनी स्टॅकॅटो’ या टीव्ही मालिकेत क्लबमधल्या बँडमध्ये दिसला. तिथे पियानोवर होता जॉनी विल्यम्स, म्हणजे पुढे ‘स्टार वॉर्स’चं संगीत देणारा तोच. मग केसेल लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत रमला. ज्यूली लंडनच्या ‘क्राय मी अ रिव्हर’वर त्याची गिटार आहे, एल्विसच्या सिनेमातल्या गाण्यांवर आहे, बीच बॉईजच्या ‘पेट साउंड्स’वर आहे. करोडो लोकांनी ती ऐकली, पण रेकॉर्डच्या वेष्टनावर अशा वादकांची नावं बहुतेकदा नसायचीच. सावली पुन्हा आली, या वेळी रंगाची नाही तर पैशाची. १९९२ मध्ये पक्षाघाताने त्याचं वाजवणं थांबलं आणि २००४ मध्ये तो गेला.

हे वाचताना आपल्याकडची आठवण होणारच. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र. ‘अलबेला’ची गाणी आजही वरातीत वाजतात. त्या चालींमागे जे पितळी वाद्यांचं वादळ आहे, त्यात गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, ‘अलबेला’त बँडसह पडद्यावर दिसतो. हे भाग्य थोड्यांनाच मिळालं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांनी शेकडो गाण्यांची वाद्यरचना कागदावर उतरवली. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाला पाठ झालं ते १९७७ साली, अमिताभच्या तोंडी. शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला केलेला तो नमस्कार होता. पण बहुतेकांना वाटलं, असेल कुणीतरी काल्पनिक माणूस.

आणि आता माझं. वीसेक वर्षांपूर्वी मी एका वर्तमानपत्रात पान लावायला होतो. एका सत्काराचा फोटो आला. मध्ये पुढारी, बाजूला कार्यकर्ते आणि डाव्या कोपऱ्यात दोन हलगीवाले. एकाचा हात वर गेलेला. फोटोत खरा जिवंत माणूस तेवढाच होता. जागा तीन कॉलमची, फोटो चार कॉलमचा. मी डावीकडून कापला. कुणी सांगितलं नव्हतं, वरून फोनही आला नव्हता. मला आपोआप कळलं की कुठून कापायचं.

तेव्हा त्यात काही वाटलं नाही. या गोष्टीचं मला हेच लागतं. मेम्फिसच्या बिनफोर्डला शिव्या घालणं सोपं आहे. पण हॉलिवूडच्या स्टुडिओत ज्या कुणी त्या पोराच्या हाताला रस चोळला असेल, तो काही दुष्ट माणूस नसणार. पगारी माणूस असेल. सांगितलेलं काम केलं आणि संध्याकाळी घरी गेला.

१९९५ मध्ये अमेरिकेने ‘जॅमिन द ब्लूज’ राष्ट्रीय फिल्म नोंदणीत घेतली, जतन करण्याच्या लायकीची म्हणून. चांगलं झालं. आता ती फिल्म बघताना तुम्ही सावलीकडे बघाल. आणि उद्या सकाळी पेपरातला सत्काराचा फोटो बघताना त्याच्या कडेलाही जरा बघा. एखादं कोपर, अर्धा खांदा, वाद्याचं टोक राहून गेलेलं असतं.