किलोचा भाव, बाटलीचा भाव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा सौदा चालू असताना ब्रँडचं नाव सहसा निघत नाही. बोलणं होतं ते वजनाचं, सुताच्या काउंटचं आणि जीएसएमचं. चौरस मीटरला चारशे ग्रॅम की साडेपाचशे, सूत दहाचं की सोळाचं, रंग पक्का आहे का, लूप ओढला तर सुटतो का, एवढंच विचारायचं. जड टॉवेलात कापूस जास्त, म्हणून तो महाग. या दारात किंमत आणि दर्जा यांचं नातं सरळ आहे, कारण पैसे ज्या गोष्टीचे मोजले जातात तीच गोष्ट गिऱ्हाइकाच्या हाती पडते. पुढे त्याच लॉटमधल्या काही डझनांवर हॉटेलचं लेबल शिवलं जातं, काहींवर परदेशी दुकानाचं, आणि भावाची खरी उडी तिथे सुरू होते. सोलापूरकराला हे माहीत असतं. म्हणून मॉलमधल्या टॉवेलच्या मऊपणावर तो भाळत नाही. सिलिकॉनचं सॉफ्टनर मारलं की टॉवेल हाताला लोण्यासारखा लागतो आणि पाणी मात्र कमी टिपतो, हे तो रोज पाहतो.

पण हाच चोखंदळ माणूस परमिट रूममध्ये बसला की त्याची तपासणीची सवय बाहेरच राहते. तिथे महागडी ती चांगली, नाव मोठं तो माल खरा. या समजुतीला शिकलेल्या मंडळींत आता शास्त्राची प्रतिष्ठा आली आहे, विशेषतः गेल्या आठ-दहा वर्षांत गोव्यातून नव्या जिनच्या बाटल्या येऊ लागल्यापासून. जिन आणि व्होडका यांच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही, व्हिस्कीच्या बाबतीत अर्धीमुर्धी टिकते, असं माझं म्हणणं आहे. इथे मी दारूची वकिली करत नाही. प्रश्न बाजारातल्या एका खुणेचा आहे, आणि ती खूण खोटी आहे.

आधी जिन बनते कशी ते पाहू. तिचा पाया असतो शुद्ध मद्यार्क, ज्याला धंद्यात ईएनए म्हणतात. आपल्याकडे तो मुख्यतः मळीपासून किंवा धान्यापासून होतो. मळीसाठी सोलापूरकराला लांब पाहायची गरज नाही. साखर कारखान्यांच्या संख्येत हा जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. मळी आंबवून उंच स्तंभांतून ऊर्ध्वपातन केलं की सुमारे ९६ टक्के शुद्धतेचा मद्यार्क मिळतो. इतकं शुद्ध केल्यावर मूळ पदार्थाची ओळख जवळजवळ पुसली जाते, किंबहुना ती पुसावी यासाठीच तो खटाटोप असतो. धान्याचा मद्यार्क मळीच्या मद्यार्कापेक्षा सौम्य लागतो असं जाणकार म्हणतात. तो फरक मान्य करू, पण बाटल्यांच्या किमतीत दिसते तेवढी तफावत त्यातून निघत नाही.

या मद्यार्कात चव येते ती जुनिपरची फळं, धने, अँजेलिकाचं मूळ, संत्र्या-लिंबाच्या साली यांतून. जुनिपर लागतं लिटरमागे साधारण दहा-वीस ग्रॅम. हे पदार्थ मद्यार्कात भिजवून तांब्याच्या भांड्यात पुन्हा ऊर्ध्वपातन करायचं, की नुसते अर्क मिसळायचे, इथे खरा फरक पडतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमात हा फरक स्पष्ट केला आहे. नुसती ‘जिन’ अर्क मिसळूनही होते. ‘लंडन जिन’ म्हणवून घ्यायचं तर वनस्पतींसह ऊर्ध्वपातन हवंच आणि साखर लिटरला ०.१ ग्रॅमच्या वर चालत नाही. ती लंडनमध्येच व्हावी अशी अट मात्र नाही. म्हणजे दर्जाची खूण कायद्यात आहे, पद्धतीच्या नावात आहे. भावाशी तिची सांगड कुठेच घातलेली नाही.

व्हिस्कीबद्दल ‘अर्धीमुर्धी’ म्हणालो ते एवढ्यासाठी की ती वर्षानुवर्षं लाकडी पिंपात पडून असते, भांडवल अडकतं आणि माल उडून जातो. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण दोन टक्के, आपल्या उष्म्यात त्याच्या कितीतरी पट. हा खर्च खरा आहे. जिन थांबत नाही. आज काढली की काही आठवड्यांत दुकानात. नव्या व्हिस्की भट्ट्या सुरुवातीला जिन विकतात त्या याच कारणाने: पिंपातला माल पिकेपर्यंत रोकड फिरती राहावी. मुरवण्याचा खर्च नसलेल्या पेयाला मुरलेल्या पेयाचा भाव कुठून मिळतो, हा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही.

आता भावाकडे येऊ. महाराष्ट्रात बाटलीवरचा आकडा कोण ठरवतं? मोठा वाटा सरकारचा. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचा उत्पादनखर्च लिटरला २६० रुपयांपर्यंत असेल तर त्यावरचं उत्पादन शुल्क खर्चाच्या तिप्पट होतं. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ते साडेचार पट केलं. शिवाय विक्रीकर वेगळा, कारण मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. याचा हिशेब मजेशीर होतो. या गटातल्या उत्पादकाने बऱ्या जुनिपरवर, किंवा नुसत्या जाड काचेवर, दहा रुपये जास्त घातले, तर त्यावर पंचेचाळीस रुपये शुल्क चढतं, वर दुकानदाराचा नफा आणि विक्रीकर. दुकानात दिसणारा फरक हा खर्चातल्या बारीकशा फरकाची फुगलेली सावली असतो, आणि तो खर्च द्रवावर झाला की बाटलीवर, हे सावलीवरून कळत नाही. त्याच निर्णयात १८० मिलिलिटरच्या किमान किमतीही आल्या: देशी ८० रुपये, नव्याने निर्माण केलेलं धान्याधारित ‘महाराष्ट्र मेड लिकर’ १४८, भारतीय बनावटीचं विदेशी २०५, उच्च प्रतीचं विदेशी ३६०. ही प्रतवारी महसुलाच्या सोयीची आहे. तिला चवीची प्रतवारी समजणारा माणूस अबकारी खात्याचं कोष्टक चाखतो आहे.

यावरही कोणाचं समाधान होत नसेल तर नोव्हेंबर २०२१ आठवावा. राज्याने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं आणि नामांकित बाटल्यांचे भाव साधारण तिसऱ्या हिश्श्याने उतरले. आतला माल तोच, पिंप तेच. किंमत ही दर्जाची खूण असेल तर दर्जा रातोरात घसरला म्हणावं लागेल. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात व्हिस्की आणि जिन या दोन्हींवरचा १५० टक्के आयात कर आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर आणण्याचं ठरलं आहे. म्हणजे इंग्लिश जिनचा ‘दर्जा’ आता दिल्लीच्या वेळापत्रकानुसार खाली यायचा! आणि गोव्यात तीच बाटली कितीतरी स्वस्त मिळते, हे तर सोलापुरातून सुट्टीला जाणारा प्रत्येक जण जाणतो.

पूर्वपक्षाचा खरा भक्कम मुद्दा निराळा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. नावाजलेल्या कंपनीला अब्रू असते. एकदा घाण माल निघाला तर वर्षांची कमाई जाते. म्हणून नाव म्हणजे हमी. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लॉफने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात हेच मांडलं, की गिऱ्हाइकाला माल पारखता येत नाही तिथे ब्रँडसारख्या संस्था उभ्या राहतात. दारूत तर जीव जातो. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. मग पैसे जास्त देऊन नाव विकत घेतलं तर चुकलं काय?

चुकलं हे की इथे दोन निराळ्या हमी एकात घातल्या आहेत. मालवणीसारख्या घटनांत विष येतं ते औद्योगिक मिथेनॉलमधून, परवान्याबाहेरच्या धंद्यातून. त्यापासून वाचवतात परवाना, तपासणी आणि सीलबंद बाटली. आणि ही तिन्ही ऐंशी रुपयांच्या देशीलाही लागू आहेत. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये केलेली आणि एप्रिल २०१९ पासून लागू असलेली मद्याची मानकं स्वस्त आणि महाग असा भेद करत नाहीत. उलट नाव जितकं महाग तितका त्याच्या नकलेत नफा मोठा. महागड्या ब्रँडच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यांत हलका माल भरण्याचा धंदा त्यावरच चालतो. सोलापूरला हे नवं नाही. इथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तरी पानिपतचा माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार. नक्कल नावाचीच होते. जीएसएमची नक्कल करायची तर तेवढा कापूस घालावा लागतो.

राहिली जीभ. ‘आम्हाला फरक कळतो हो’ हे शेवटचं हत्यार. २००८ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, दोन्ही वाइनवरचे, पण प्रश्न हाच. पहिल्यात किंमत झाकून केलेल्या सहा हजारांहून अधिक चाचण्यांत सामान्य पिणाऱ्यांना महाग वाइन किंचित कमीच आवडली. शिकलेल्या जिभांचं तसं नव्हतं, हेही नोंदवायला हवं. दुसऱ्यात नव्वद डॉलरची एकच वाइन एकदा नव्वदची आणि एकदा दहाची म्हणून पाजली. नव्वदची म्हटल्यावर ती जास्त आवडली, आणि मेंदूतला सुखाशी संबंधित भागही जास्त उजळला. म्हणजे सुख खोटं नव्हतं. ते ज्याला परवडतं त्याने जरूर विकत घ्यावं. फक्त त्याला मालाचा दर्जा म्हणू नये. व्होडकावाल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. सिडनी फ्रँक या अमेरिकी व्यापाऱ्याने १९९० च्या दशकात ‘ग्रे गूज’ काढली ती बाजारातल्या सगळ्यांपेक्षा महाग ठेवायची हे ठरवूनच, आणि २००४ मध्ये बकार्डीला दोन अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला विकली.

उलट टोकाला जाऊन ‘सगळं एकच, फक्त लेबल वेगळं’ म्हणणारेही भेटतात, आणि ते एमआयडीसीच्या आसपास जास्त भेटतात. तेही चूक. सगळं एकच नसतं. ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ या गोव्याच्या जिनला २०२० मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सर्वोच्च श्रेणीचं सुवर्ण मिळालं, ते परीक्षकांनी झाकल्या पेल्यातून चाखून दिलेलं होतं. मालात भेद आहेतच, पण ते भावाच्या क्रमाने लागलेले नाहीत. काजूची फेणी घ्या. बोंडांचा रस आंबवून, भट्टीत पुन्हा पुन्हा गाळून काढलेलं, शुद्ध मद्यार्काची जराही उसनवारी नसलेलं पेय. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी गोव्याच्या कायद्यात ती २०१६ पर्यंत ‘देशी दारू’च होती. त्या वर्षी तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. फेणी बदलली नाही, खातं बदललं.

तेव्हा मागणी साधी आहे. पाया मळीचा की धान्याचा, जुनिपर ऊर्ध्वपातनात घातलं की अर्क मिसळला, साखर किती, या तीन गोष्टी बाटलीच्या दर्शनी बाजूला, ब्रँडच्या नावाएवढ्या अक्षरांत छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उत्पादकांना भाग पाडावं. आणि तोवर वाचकाने दुकानात बाटली हातात घेतली तर आधी ती फिरवून मागचं लेबल वाचावं. किमतीचा आकडा शेवटी पाहिला तरी चालेल.