रॅडमिलोविच, पॉल
(५ मार्च १८८६ – २९ सप्टेंबर १९६८). ब्रिटनचा श्रेष्ठ वॉटर पोलोपटू व जलतरणपटू. वेल्समधील कार्डिफ येथे जन्म. वडील क्रोएशियन वंशाचे. वयाच्या पंधराव्या वर्षी वेल्सच्या संघात निवड. १९०८ (लंडन), १९१२ (स्टॉकहोम) व १९२० (अँटवर्प) या तिन्ही ऑलिंपिक स्पर्धांत वॉटर पोलोचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या ब्रिटिश संघात त्याचा समावेश होता. १९०८ मध्येच ४×२०० मी. मुक्तशैली रिले शर्यतीतही त्याने सुवर्णपदक पटकाविले. १९२० च्या अंतिम सामन्यात बरोबरी असताना अखेरच्या काही मिनिटांत त्याने निर्णायक गोल केला आणि ब्रिटनने यजमान बेल्जियमवर ३–२ अशी मात केली. १९२४ व १९२८ च्या ऑलिंपिकमध्येही तो खेळला. आंतरराष्ट्रीय जलतरण गौरवदालनात १९६७ मध्ये त्याचा समावेश झाला. वेस्टन-सुपर-मेअर येथे त्याचे निधन झाले.