कॉफीच्या पेढीचा पुणेरी कारभारी

राज्ये मिळविणाऱ्यांची चरित्रे आपणांकडे विपुल झाली, आणि ती राखणाऱ्या कारभाऱ्यांचीही थोडीबहुत झाली. व्यापारी पेढ्यांविषयी मात्र आपली जिज्ञासा संस्थापकापाशीच थांबते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर कसा केला अथवा वालचंदांनी जहाजे कशी काढली, हे आपल्या मुलांस ठाऊक असते; परंतु दुसऱ्याने उभारलेली पेढी वेतन घेऊन चालविणे हाही एक पुरुषार्थ असून त्यात यशापयशाचे नाट्य काही कमी नसते, याची जाणीव आपल्या वाङ्मयात फारशी उमटलेली दिसत नाही. म्हणून ज्यांच्या कारकिर्दीचा शेवटचा अंक अवघ्या सतरा महिन्यांत आटोपला, अशा लक्ष्मण नरसिंहन यांचे वृत्त येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. अमेरिकेतील स्टारबक्स या जगड्व्याळ कॉफीच्या पेढीचे ते मुख्य कार्याधिकारी होते.

नरसिंहन यांचा जन्म १९६७ चा. नाव दाक्षिणात्य वळणाचे असले तरी ते वाढले पुण्यात, आणि यंत्रशास्त्राची पदवी त्यांनी संगमाजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून घेतली. या विद्यालयाची स्थापना १८५४ सालची. सरकारी बांधकाम खात्यास हाताखालची माणसे मिळावीत, एवढाच सरकारचा प्रारंभीचा हेतु होता. पण विश्वेश्वरय्यांसारखा विद्यार्थी तेथून बाहेर पडला आणि तो संकुचित हेतु आपोआप मागे पडला.

नरसिंहन शिकत होते त्या काळात या विद्यालयातील यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याने नोकरीसाठी दूर पाहण्याचे कारण नव्हते. मुंबईच्या रस्त्याने थोडेसे पुढे गेले की कारखान्यांची रांगच लागे. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनसाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि मग आकुर्डीस बजाज, पिंपरीस टाटांची टेल्को, त्यांच्या भोवती सुटे भाग घडविणारे शेकडो लहान कारखाने, असा तो विस्तार होत गेला. १९८२ साली तर पिंपरी-चिंचवडला स्वतःची महानगरपालिका लाभली. पुढे ही रांग चाकणास पोहोचली व २००९ च्या सुमारास जर्मन मोटारींचे कारखानेही तेथे उभे राहिले. चाकणचे नाव निघाले की आमच्या पिढीच्या वाचकांस आधी कांद्याचा बाजार आणि फिरंगोजी नरसाळा आठवणार! १६६० साली शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे सुमारे दोन महिने तो लहानसा किल्ला झुंजविणाऱ्या या किल्लेदाराच्या हातून अखेर किल्ला गेला. तरीही आपण नाव घेतो ते त्याचेच. असो.

आमच्या मते या पट्ट्याने केवळ रिक्षा व मालमोटारी घडविल्या नाहीत. एक विशिष्ट बुद्धीही घडविली. काम कोठे तुंबते, कोणत्या हालचालीस किती पळे लागतात, माल कोठे पडून राहतो, हे प्रश्न येथील अभियंत्यास श्वासोच्छ्वासाइतके स्वाभाविक वाटतात. नरसिंहन यांनी आपली बुद्धी मोटारींस वाहिली नाही. ते अमेरिकेस गेले व पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी दोन पदव्या घेतल्या. एक व्हार्टन विद्यालयाची अर्थव्यवस्थापनातील, आणि दुसरी जर्मन भाषा व आंतरराष्ट्रीय अभ्यास यांतील. यंत्रशास्त्रज्ञाने परभाषेची पदवी घ्यावी याचे कोणास आश्चर्य वाटेल; पण रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांत जर्मन शिकणाऱ्या तरुणांची परंपरा असलेल्या शहरास ते वाटू नये.

नंतरची एकोणीस वर्षे मॅकिन्झी या सल्लागार पेढीत गेली. सल्लागाराचा धंदा हा चमत्कारिक खरा. दुसऱ्याच्या घरातील दोष दाखवावयाचे, परंतु संसार आपण करावयाचा नाही! २०१२ मध्ये ते पेप्सिको कंपनीत गेले, आणि लॅटिन अमेरिका, युरोप व सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका एवढा अवाढव्य मुलूख कालांतराने त्यांच्याकडे आला. १ सप्टेंबर २०१९ रोजी ते विलायतेतील रेकिट कंपनीचे मुख्य झाले. डेटॉलची बाटली आपल्या घरोघरी आहे. ती याच कंपनीची. १९९९ साली दोन कंपन्यांच्या मीलनातून ही पेढी सध्याच्या रूपास आल्यापासून बाहेरचा माणूस या गादीवर बसण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. सहा महिने लोटतात न लोटतात तोच करोनाची साथ आली व जंतुनाशकांस अभूतपूर्व मागणी झाली. तो दैवाचा भाग मानला, तरी चीनमधील बालान्नाचा अवजड धंदा २०२१ साली विकून टाकणे हा निर्णयाचा भाग होता. २०२२ च्या सप्टेंबरात ते रेकिट सोडणार अशी वार्ता फुटताच कंपनीच्या समभागांचा भाव उतरला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

स्टारबक्सचे पहिले दुकान १९७१ साली सिॲटल शहरी निघाले. परंतु जगास ठाऊक असलेली स्टारबक्स ही हॉवर्ड शुल्ट्झ यांची निर्मिती. ते १९८२ मध्ये तेथे नोकरीस लागले, दुसऱ्या वर्षी इटलीत गेले असता मिलानमधील कॉफीगृहे पाहून भारून गेले, आणि १९८७ साली त्यांनी ती पेढीच विकत घेतली. घर व कचेरी यांवाचून माणसास बसावयास तिसरी जागा हवी, हे त्यांचे तत्त्व. पुणेकरांस यात नवल ते काय! आमच्या इराण्यांनी व अमृततुल्यवाल्यांनी ते तत्त्व न बोलता कितीतरी आधी आचरिले होते. शुल्ट्झ यांनी दोनदा कारभार सोडला व दोनदा पुन्हा हाती घेतला. २०२२ च्या एप्रिलात ते तिसऱ्यांदा गादीवर बसले, तेही वारस मिळेपर्यंतच, अशा बोलीने. तो वारस म्हणून नरसिंहन यांची निवड झाली.

ते १ ऑक्टोबर २०२२ रोजी कंपनीत आले, पण लगेच सूत्रे हाती न घेता त्यांनी काही महिने उमेदवारी केली. हिरवा एप्रन बांधून, चाळीस तासांचे शिक्षण घेऊन, ते कॉफी करावयास शिकले व तशी सनदही त्यांनी मिळविली. २० मार्च २०२३ रोजी कारभार हाती येताच, दर महिन्यास अर्धा दिवस आपण दुकानात काम करू, असे त्यांनी नोकरवर्गास कळविले.

येथे आपणांस दत्तकाची उपमा आठवते. वडील हयात असता घरात आलेल्या दत्तकाची स्थिती जशी नाजूक, तशीच ही होती. वाड्याच्या किल्ल्या त्याच्या कमरेला, पण नोकरांची नजर माडीकडे! त्यातून मिळालेला वारसाही सोपा नव्हता. एका गिऱ्हाइकास थंड, दुसऱ्यास फेसाळ, तिसऱ्यास आणखी काही, असे पेयांचे असंख्य प्रकार झालेले. त्यात दूरध्वनीवरील यंत्रणेतून घरबसल्या मागण्या येऊन पडत, आणि समोर उभे असलेले गिऱ्हाईक ताटकळे. हा प्रश्न पिंपरीच्या कोणत्याही कारखान्यातील पर्यवेक्षकास तत्काळ उमजला असता: मागणीचा ओघ रुंद, आणि काम करणारे हात तेवढेच. पेय करण्याचा वेळ घटविणारी नवी यंत्रे बसविण्याची योजना शुल्ट्झ यांच्याच कारकिर्दीत सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेली होती. नरसिंहन यांनी ती पुढे चालविली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये २०३० पर्यंत ५५,००० दुकाने व तीन अब्ज डॉलरांची बचत असा संकल्प सोडला. पुढील जानेवारीत ते हिंदुस्थानात आले असता, टाटांच्या भागीदारीतील येथील शाखेने २०२८ पर्यंत एक हजार दुकाने करण्याचे ठरविले. २०१२ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या हॉर्निमन सर्कलपाशी आरंभ झालेल्या, व पुढल्याच वर्षी पुण्यास पोहोचलेल्या या शाखेची दुकाने त्या वेळी चारशेच्या आतच होती.

पण वारा फिरला होता. अमेरिकेत महागाईने लोक हात आखडू लागले. गाझातील युद्धावरून बहिष्काराची हाक उठली. चीनमध्ये लकिन आदि देशी पेढ्यांनी भावांची झुंज लावली. ३० एप्रिल २०२४ रोजी तिमाही हिशेब बाहेर आला, तेव्हा जुन्या दुकानांची विक्री एकंदरीत शेकडा ४ ने, व चीनमधील शेकडा ११ ने घटलेली आढळली. दुसऱ्या दिवशी समभागांचा भाव सुमारे शेकडा १६ ने कोसळला. आठवडा लोटण्यापूर्वीच माडीवरून आवाज आला. शुल्ट्झ यांनी, दुरुस्ती अमेरिकेतील दुकानांपासून व्हावी आणि वरिष्ठांनी हिरव्या एप्रनवाल्यांत अधिक वेळ घालवावा, असा उपदेश जाहीरपणे केला. ज्याने ती सनद मिळविली होती त्यालाच हा उपदेश! आमच्या मते यात सौजन्य कमी होते. मात्र त्यातील आशय पोकळ होता असे म्हणवत नाही. यंत्राने पेय लवकर होते. पण गिऱ्हाईक पेयासाठीच येते की जागेसाठीही, हा प्रश्न काळ-काम-वेगाच्या गणितात बसत नाही, आणि नरसिंहन यांचे भर त्या गणितावर अधिक होते, असे त्यांचे संकल्प वाचताना वाटते. सायंकाळी सहानंतर माझ्याकडून वेळ मागणाऱ्याचे काम तसेच महत्त्वाचे असले पाहिजे, अशा अर्थाचे त्यांचे एक उद्गार याच सुमारास छापून आले. त्यांवर काहूर माजले. विक्री वाढती असती तर त्यांचीच समतोल जीवनाचा धडा म्हणून वाहवा झाली असती.

जुलैत एलियट या भांडवलदार पेढीने समभाग घेऊन दडपण आणल्याचे उघड झाले. १३ ऑगस्ट २०२४ रोजी नरसिंहन यांस तत्काळ दूर करण्यात आले, आणि चिपोटले या उपाहारगृहांच्या पेढीचे ब्रायन निकोल यांची नेमणूक जाहीर झाली. त्या एका दिवसात समभागांचा भाव जवळजवळ एकचतुर्थांशाने चढला. दोन वर्षांपूर्वी एका पेढीतून हाच मनुष्य निघाला तेव्हा भाव उतरला होता. दुसरीतून निघाला तेव्हा चढला. त्याची योग्यता या अवधीत इतकी पालटली असेल, हे आम्हांस पटत नाही. बाजाराने निकोल यांच्या आगमनाचे मोल केले, आणि त्याचाच अर्थ नरसिंहन यांच्यावरील निकाल असा लावला गेला. सतरा महिन्यांत ४०,००० दुकानांच्या संसारास वळण लागत नसते. पण नव्या समभागधारकांस तितकाही धीर नव्हता.

निकोल यांनी दुकानांत खुर्च्या परत आणविल्या, चिनी मातीचे प्याले काढविले, पेल्यांवर हाताने मजकूर लिहविला, आणि यंत्रांपेक्षा माणसे वाढविण्यावर जोर दिला. त्याच वेळी प्रत्येक पेय चार मिनिटांच्या आत हाती पडावे, असा दंडकही त्यांनी घातला, आणि कोणती मागणी आधी घ्यावी हे ठरविणारी गणनयंत्रणा दुकानांत बसविली.