अश्मयुगाच्या नावानं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'पेलिओ डाएट' हे शब्द आता आपल्याकडंही बऱ्याच जणांच्या तोंडी असतात. व्यायामशाळेत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर कुणी ना कुणी भेटतं, ज्यानं पोळी, भात, डाळ, दूध सगळं सोडलेलं असतं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. आपले पूर्वज शेती करत नव्हते, त्यांचं शरीर शिकारीवर आणि कंदमुळांवर घडलं, धान्य ही अलीकडची गोष्ट आहे आणि ती आपल्याला पचत नाही. ऐकायला हे पटण्यासारखं आहे. पेलिओलिथिक म्हणजे पुराश्मयुग. दगडाची पहिली हत्यारं घडली त्या पंचवीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच्या काळापासून ते सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीपर्यंतचा हा काळ. एवढ्या दीर्घ काळात माणसं कोणतं एक जेवण जेवत होती, असं मात्र सहसा कुणी विचारत नाही. आज तेच विचारू या, आणि त्या जेवणाच्या नावावर जो माल खपतो त्याच्याकडंही जरा बघू या.

आधी या कल्पनेचा इतिहास. तो लाखो वर्षांचा नाही, शंभरेक वर्षांचा आहे. विल्यालमुर स्टेफानसन नावाचे एक संशोधक-प्रवासी उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांत अनेक वर्षं राहिले. तिथं आपण जवळपास मांस-मासळीवरच जगलो आणि ठणठणीत राहिलो, असं ते सांगत. डॉक्टरांचा विश्वास बसेना. तेव्हा १९२८ साली ते आणि त्यांचे एक सहकारी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात दाखल झाले आणि डॉक्टरांच्या देखरेखीत वर्षभर नुसत्या मांसावर राहिले. दोघांना फारसा त्रास झाला नाही, हे मान्य करायला हवं. मात्र या प्रयोगाला पैसा अमेरिकेतल्या मांस-उद्योजकांच्या संघटनेनं पुरवला होता, हेही त्याच वेळी सांगायला हवं. तेव्हापासून या विषयात शास्त्र आणि बाजार एकाच बाकावर बसलेले दिसतात.

पुढं १९७५ साली वॉल्टर व्होग्टलिन या पोटविकारतज्ज्ञानं 'द स्टोन एज डाएट' नावाचं पुस्तक काढलं. माणूस मुळात मांसाहारी प्राणी आहे, हा त्यांचा सिद्धान्त. पुस्तकाची फार दखल कुणी घेतली नाही. दखल घेतली गेली ती दहा वर्षांनी. १९८५ च्या जानेवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या मातब्बर नियतकालिकात बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांचा लेख आला. ईटन क्ष-किरणतज्ज्ञ, कॉनर मानववंशशास्त्रज्ञ. त्यांचा प्रश्न खरोखर विचार करण्याजोगा होता. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे आजार आजच्या श्रीमंत देशांत इतके बोकाळले, त्यामागं शरीराची जुनी घडण आणि आजचं खाणंपिणं यांचा बेबनाव तर नसेल? त्यांनी अंदाज बांधला तो सुमारे पस्तीस टक्के मांस आणि पासष्ट टक्के वनस्पतींचा. म्हणजे नुसता मांसाहार नव्हेच. १९८८ साली मार्जोरी शोस्टॅक यांच्यासह त्यांनी लोकांसाठी पुस्तक लिहिलं. त्यात हातसडीसारखा न पॉलिश केलेला तांदूळ, कोंड्यासकट गव्हाची भाकरी, बटाटे, कमी स्निग्धांशाचं दूध यांपैकी काहीच वर्ज्य नव्हतं. अन्नघटकांचं प्रमाण सांभाळा, एवढंच त्यांचं सांगणं.

वर्ज्य-अवर्ज्याची कडक यादी आली ती २००२ च्या सुमारास, लॉरेन कॉर्डेन यांच्या 'द पेलिओ डाएट' या पुस्तकातून. धान्य नको, कडधान्य नको, दूध नको, बटाटा नको, मीठ-साखर नको. उपवासाची यादी वाटावी असा हा नेमधर्म, फक्त साबुदाण्याऐवजी मांस. आणि 'द पेलिओ डाएट' या शब्दांवर त्यांचा व्यापारचिन्हाचा हक्क आहे. ज्यांना अक्षरंच ठाऊक नव्हती, त्या माणसांच्या जेवणावर नोंदणीकृत हक्क! पुढं २०१३ साली गुगलवर सर्वांत जास्त शोधला गेलेला आहार हाच होता.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. पुराश्मयुगातली माणसं खात काय होती? अलीकडच्या काळात यावर कितीतरी पुरावा जमला आहे आणि तो यादीशी अजिबात जुळत नाही.

इस्रायलमध्ये गालिलीच्या सरोवराचं पाणी १९८९ साली फार खाली गेलं, तेव्हा काठाशी एक जुनी वस्ती उघडी पडली. तिला ओहालो म्हणतात. ती सुमारे तेवीस हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधीची. पाण्याखाली गाडली गेल्यामुळं तिथलं जळकं धान्यही टिकून राहिलं. शंभराहून अधिक प्रकारच्या वनस्पती सापडल्या आणि त्यांत रानटी जव होते, रानटी गहूही होता. शिवाय एक दगड मिळाला, ज्यावर धान्य भरडल्याच्या खुणा, पिठूळ कण चिकटलेले. शेजारच्या जॉर्डनमध्ये शुबायका इथल्या चुलीत भाकरीचे करपलेले तुकडे मिळाले. त्यांचं वय चौदा हजार चारशे वर्षं! तिथं शेती सुरू व्हायला अजून चार हजार वर्षं होती. म्हणजे माणूस आधी भाकरी भाजायला शिकला आणि नांगर नंतर आला. इराकमधल्या शानिदार गुहेतल्या निअँडरथल माणसाच्या दातांवरचं कीटण तपासलं तर त्यात जवाच्या जातकुळीतल्या रानगवताचे शिजलेले कण निघाले. दक्षिण आफ्रिकेतल्या बॉर्डर केव्हमध्ये एक लाख सत्तर हजार वर्षांपूर्वी भाजलेले कंद सापडले. भरपूर पिठूळ कंद! बटाट्याला नको म्हणणाऱ्यांनी यावर काहीतरी बोलायला हवं.

मोरोक्कोतल्या ताफोराल्तच्या गुहेची गोष्ट तर आणखी बोलकी. साधारण पंधरा ते चौदा हजार वर्षांपूर्वी तिथं शिकार करून, फळं-बिया गोळा करून राहणारी माणसं होती. त्यांचे सांगाडे तपासले तेव्हा प्रौढांच्या निम्म्याहून अधिक दातांना कीड लागलेली आढळली. कारण ओक वृक्षाची पिठूळ फळं ती पोटभर खात आणि बहुधा साठवूनही ठेवत. शेती नव्हती, साखर नव्हती, तरी दात किडले. अश्मयुगातलं आरोग्य म्हणून जे चित्र रंगवलं जातं, त्यात हे दात बसत नाहीत.

आणि एकच अश्मयुग कुठून आणायचं? बर्फातला माणूस सील मारून खात होता. आजही टांझानियातले हाद्झा लोक मोसमात भरपूर मध खातात, कंद खणतात, गोरखचिंचेची फळं खातात. आपल्याच खानदेशात, चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथं सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली, त्यांतल्या एकावर आडव्या-तिरप्या रेषांची नक्षी कोरलेली आहे. जळगाव जिल्ह्यात शहामृग! कवचाचे मणी करणाऱ्या त्या माणसांनी आतला बलक टाकून दिला असेल, असं निदान मला वाटत नाही. तेव्हा खराखुरा खानदेशी पेलिओ आहार घ्यायचा तर आधी शहामृग पाळायला लागेल.

शरीर तेव्हाच घडलं आणि मग थांबलं, हेही खरं नाही. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता अनेक समाजांत गेल्या काही हजार वर्षांत, गुराढोरांबरोबर पसरली. आपल्या देशातही वायव्येकडं ती जास्त आढळते. उलट पिष्ट पचवणारं लाळेतलं अमायलेज घ्या. त्याच्या जनुकाच्या जादा प्रती शेती आल्यावर मिळाल्या असं आधी वाटत होतं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ही वाढ लाखो वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. म्हणजे पिठूळ अन्नाशी आपलं नातं फार जुनं आहे.

हृदयविकाराचंही तसंच. २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये जगाच्या चार भागांतल्या १३७ ममींची तपासणी प्रसिद्ध झाली. तिसऱ्या हिश्शाहून अधिक ममींच्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या होत्या. त्यांत अलास्कालगतच्या बेटांवरचे पाच शिकारी लोक होते, त्यांच्यापैकी तिघांना हा विकार होता. आणि २०१७ साली याच 'लॅन्सेट'नं सांगितलं की, तपासलेल्या समाजांत सर्वांत निकोप हृदयवाहिन्या बोलिव्हियातल्या चिमाने लोकांच्या. त्यांचा आहार भात, केळी, कसावा आणि मका! दिवसभराची मेहनत मात्र प्रचंड.

मग या आहारानं लोक बारीक होतात ते कसं? होतात, यात शंका नाही. साखर, मैदा, तळण, बिस्किटं सोडली की कुणाचंही वजन उतरतं, त्याला आदिमानवाची साक्ष लागत नाही. स्वीडनमध्ये पाळी गेलेल्या सत्तर स्थूल स्त्रियांवर दोन वर्षं प्रयोग झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पेलिओवाल्या स्त्रियांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरलं होतं. दोन वर्षं संपली तेव्हा दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्याजोगा फरक उरला नव्हता.

इतकं सगळं असूनही बाजार फोफावला. बदामाच्या पिठाचे केक, नारळाच्या पिठाचा पाव, हाडांच्या सूपाची भुकटी, पाकिटातल्या वड्या, आणि वर 'सर्टिफाइड पेलिओ' असा शिक्का. रानटी बदाम कडू असतो आणि त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. गोड बदाम ही शेतकऱ्याची कमाई आहे. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल ही मोहरीच्या कुळातल्या एकाच रानवनस्पतीची शेतकऱ्यांनी घडवलेली रूपं. तमिळनाडूत २०१० नंतरच्या दशकात फेसबुकवरून या आहाराची मोठी लाट आली. तिच्यात न्याहारीला शंभर बदाम आणि जेवणात पनीर. अश्मयुगात पनीर! असो, चवीपुढं शास्त्राचं काय चालतं?

गमतीच्या पलीकडं गोष्ट जाते ती विश्वास ठेवणाऱ्यांच्या बाबतीत. अमेरिकेत ब्रायन जॉन्सन नावाचा गृहस्थ 'लिव्हर किंग' म्हणून प्रसिद्ध झाला. उघड्या अंगानं कच्चं काळीज खायचं, आपली पिळदार देहयष्टी ही पूर्वजांसारख्या जगण्याची किमया म्हणायची, आणि वाळवलेल्या काळजाच्या कॅप्सुला विकायच्या. २०२२ च्या अखेरीस त्याचे ई-मेल बाहेर आले. त्यांतून महिन्याला अकरा हजार डॉलरच्या घरातला औषधांचा खर्च दिसला, आणि डिसेंबरच्या पहिल्या दिवशी त्यानं स्टेरॉइड घेत असल्याची कबुली दिली. तरण्याताठ्या माणसानं स्वतःच्या पैशानं कॅप्सुला गिळल्या तर एकवेळ सोडून देता येईल.

पण तान्ह्या बाळाचं काय? त्याआधी, २०१५ साली ऑस्ट्रेलियात हा प्रश्न खरोखर उभा राहिला होता. पीट इव्हान्स हे दूरदर्शनवरचे नामांकित बल्लव. त्यांच्या सहलेखनातल्या, लहान मुलांसाठीच्या पेलिओ पुस्तकात आईच्या दुधाऐवजी द्यायची एक पाककृती होती. हाडांचं सूप आणि त्यात काळीज. काळजात जीवनसत्त्व 'अ' भरमसाट असतं. बाळाला सोसेल त्याच्या दहापटींहून अधिक ते त्या मिश्रणात भरत होतं, आणि यानं मूल दगावू शकतं, असा इशारा तिथल्या सार्वजनिक आरोग्य संघटनेनं दिला. मोठ्या प्रकाशनसंस्थेनं पुस्तक थांबवलं. लेखकांनी ती पाककृती बदलून पुस्तक स्वतःच बाजारात आणलं.

पुढं एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाची साथ भरात असताना, हेच इव्हान्स प्रकाशाची तिरीप टाकणारं एक यंत्र विषाणूवर उपयोगी पडेल असं सुचवून विकू लागले. किंमत जवळपास पंधरा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. तिथल्या औषध नियंत्रकांनी २५,२०० डॉलरचा दंड केला. दोन यंत्रांच्या किमतीपेक्षाही तो कमीच होता.