रूळ, रस्ता आणि मरणाचा हिशेब

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी घाटकोपर, भांडुप, मुलुंडची शिवारं ओलांडून ठाण्याला पोहोचली. त्याला दोन वर्षं व्हायच्या आत, 27 मार्च 1855 रोजी, हिंदुस्थानात ‘फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट’ आला. दुसऱ्याच्या चुकीने माणूस दगावला, तर त्याच्या घरच्यांना भरपाई मागता येईल, असं या कायद्याने पहिल्यांदाच सांगितलं.

त्याआधीचा इंग्रजी न्याय अजब होता. लंडनमध्ये 1808 साली एक खटला चालला. घोडागाडी उलटून एका माणसाची बायको जखमी झाली आणि महिन्याभराने वारली. कोर्टाने नवऱ्याला बायकोबद्दल भरपाई दिली ती फक्त त्या महिन्याची. मृत्यूबद्दल दिवाणी दावा लागूच शकत नाही म्हणे! थोडक्यात, गाडीवाल्याला जखमी माणसापेक्षा मेलेला स्वस्त पडे. इंग्लंडने 1846 मध्ये हे बदललं, आणि आपला 1855 चा कायदा त्याच्याच वळणाचा.

हा कायदा आजही जिवंत आहे. नवरा, बायको, आईबाप, मुलं यांच्यासाठी दावा लावता येतो. भावंडांचं नाव त्यात नाही. खरी अडचण पुराव्याची. चूक कुणाची, हे दिवाणी कोर्टात सिद्ध करायचं कुणी? चाळीत मागे राहिलेल्या विधवेने?

म्हणून वेगळ्या वाटा निघाल्या, आणि उपनगरात त्या अगदी शेजारी शेजारी धावतात. मुलुंड-घाटकोपरच्या एलबीएस रोडवर ट्रकने उडवलं, तर प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातं. तिथे 2009 च्या सरला वर्मा निकालाचं गणित चालतं: वार्षिक कमाईतून मृताचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि वयानुसार गुणायचं. पंचविशीपर्यंत 18 ने, पासष्टीपुढे 5 ने.

रस्त्यालगतच्या रुळांवर लोकलमधून पडून गेला, तर ना वय बघतात ना पगार. रेल्वे कायद्यात 1994 मध्ये घातलेल्या कलमानुसार रक्कम ठरलेली असते. आधी चार लाख, 1 जानेवारी 2017 पासून आठ लाख. रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. दारात उभं राहणं हा निष्काळजीपणा असेल, गुन्हा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये जमीला प्रकरणात म्हटलं. मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे 2018 च्या रीना देवी निकालाने ठरवलं. पास खिशातून उडून जातो, हे बोरिवलीच्या प्रवाशाला सांगायला नको.

पण तोच माणूस रूळ ओलांडताना गेला, तर तो कायद्याच्या लेखी प्रवासीच नाही, घुसखोर. त्या कलमाखाली घरच्यांना काही मिळत नाही.

रस्त्यावरचा खड्डा या कुठल्याच चौकटीत नीट बसत नव्हता. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने जीव गेल्यास सहा लाख देण्याचा आदेश दिला. ती रक्कम दोषी कंत्राटदार आणि अधिकाऱ्यांकडून वसूल करावी, असंही बजावलं.